मेणबत्ती माझ्या हातात होती

माझ्या धाकट्या भावाने, नेल्सनने, काल जेवताना मेणबत्तीची गोष्ट सांगितली. स्वतःची म्हणून.

म्हणजे अगदी "मी लहान असताना ईस्टरच्या रात्री चर्चमध्ये एका बाईची साडी पेटवली होती" असं, हात वगैरे उडवून, आणि समोर त्याच्या सासरची सगळी मंडळी, ती हसून हसून लोळायची बाकी. मम्मीपण हसली. वर "हाच तो, भारी द्वाड होता" म्हणत त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी सान्नाचा, म्हणजे आमच्या इडलीचा, तुकडा डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलच्या रसात बुडवत होते, तो बुडवतच राहिले. सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर, चाळिशी उलटलेल्या बाईने "ए, ती मी होते" म्हणायचं का? नाही म्हटलं.

पण ती मी होते.

1989 सालची गोष्ट आहे. साल पक्कं, कारण त्याच मे महिन्यात माझं फर्स्ट होली कम्युनियन (पहिला ख्रिस्तप्रसाद) झालं आणि त्या फोटोमागे पप्पांच्या अक्षरात तारीख आहे. रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर शोधलं, त्या वर्षी ईस्टर 26 मार्चला होता. म्हणजे होळीची पौर्णिमा आणि आमचा पवित्र आठवडा एकत्र. बरोबरच आहे, बिल्डिंगमधली पोरं रंगात लोळत होती आणि आम्हाला रविवारपर्यंत खाली जायचं नाही अशी तंबी होती, ते मला आठवतंय. नेल्सनला आठवायचं काही कारणच नाही. तो तीन वर्षांचा होता. तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेटती मेणबत्ती कोण देतं?

वास्कोच्या सेंट अँड्र्यू चर्चचं आवार, शनिवारची रात्र, सगळे दिवे बंद. आधी शेकोटी, मग त्या आगीवर पेटवलेली मोठी पास्काची मेणबत्ती, आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला असं करत सगळं आवार उजळत जायचं. मग वाचनं सुरू. जगाची निर्मिती, अब्राहाम, तांबडा समुद्र, एकामागून एक, सगळी कोंकणीतून, आणि मम्मी मात्र वसईच्या सवयीने उत्तरं हळूच मराठीत पुटपुटणार. ग्लोरियाच्या स्तुतिगीताला एकदम घंटा वाजल्या की मी दचकून जागी व्हायचे. गुरुवारपासून घंटा मुक्या असायच्या ना, तोवर नुसती ती लाकडी मातराक, कडकड कडकड.

त्यानंतर पाण्याला आशीर्वाद आणि बाप्तिस्म्याची वचनं, तेव्हा मेणबत्त्या परत पेटवतात. मी मादीनच्या (धर्ममातेच्या) मागे उभी होते. माझी मादीन, नेल्सनची नव्हे, त्याची मडगावला असायची. उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात पुढे गेला. नायलॉनची साडी होती, पोपटी. नायलॉन भडकलं नाही, मधूनच आक्रसत गेलं आणि कडेला काळे काळे मणी झाले, आणि तो घाण वास. मागच्या एका काकांनी हाताने चिमटीत धरून विझवलं. मादीनने वळून बघितलं, मला वाटलं आता मार पडणार, तर ती म्हणाली, "कांय जावंक ना गो," आणि माझी मेणबत्ती स्वतःच्या मेणबत्तीवरून परत पेटवून दिली. पुढच्या ईस्टरला तीच साडी, भोकाच्या जागी कापडाचं फूल शिवलेलं.

हे एवढंच. आणि हे एवढंच मला सोडवत नाहीये.

बाकीचं सगळं सगळ्यांचं आहे. सोरपोतेल बुधवारी शिजायचं आणि रोज नुसतं गरम व्हायचं, शुक्रवारी मटण वर्ज्य आणि आमच्या घरात शनिवारीही, त्यामुळे मीठ-व्हिनेगर कसं झालंय ते मम्मीला नुसतं वासावरून ओळखावं लागायचं. तिचा तो झाकणावर वाकून डोळे मिटलेला चेहरा आम्हा दोघांनाही आठवतो. काजू वाटून केलेली मार्झिपानची अंडी, बियरच्या बाटलीत भरून वसईहून आलेला बाटली मसाला, सान्नासाठी माडाची ताडी काढणाऱ्या रेंदेराकडून आणलेली सूर, हे दोघांचं. शुक्रवारी दुपारी पप्पा फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण काढून ओव्या वाचायचे आणि दरवेळी सांगायचे, हे मराठीतलं पुस्तक 1616 साली इथेच छापलंय, राशोलला, मग आपण गोव्यात उपरे कसे? तेही दोघांचं. पप्पांचा आवाज मात्र आता... असो.

मेणबत्ती तेवढी माझी होती. घर त्याच्याकडे, मम्मी त्याच्याकडे, मार्झिपानचे साचे (जे मला देणार होते, ठरलं होतं) ते त्याच्या बायकोकडे, ठीक आहे, मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. आता ही मेणबत्तीपण? मम्मीलासुद्धा वाटावं की तो होता? मग मी त्या रात्री कुठे होते तिच्या लेखी, घरी?

सकाळी न राहवून तिला फोन केला. सांगितलं सगळं, पोपटी साडी, मादीन, फोटोमागची तारीख. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साडी जळली ना? मग झालं की. कोणी का जाळली असेना." आणि पुढे, "तू काल दोनच सान्नां खाल्लीस, पोट बरं आहे ना?"

यावर काय बोलणार.

म्हणजे मी गप्प बसलेली तिने बघितलं होतं तर. बरं, बघितलं आणि पोटावर ढकललं. मम्मी ती मम्मीच.

दुपारी भांडी घासताना मात्र मला एकटीलाच हसू आलं. कारण नेल्सन ती गोष्ट माझ्यापेक्षा फार छान सांगतो, हे मान्य करायला लागेल. माझ्यात काका चिमटीने विझवतात, संपलं. त्याच्यात फादर धावत येतात आणि नुकतंच आशीर्वाद दिलेलं बादलीभर पवित्र पाणी बाईच्या अंगावर ओततात आणि बाई म्हणते, "फादर, म्हजो बाप्तिज्म जाला!" असं काहीही झालं नव्हतं. साफ खोटं. पण व्हायला हरकत नव्हती, पाणी तिथेच तर होतं.

डिसेंबरात माझ्या नणंदेकडचे सगळे येतायत. तेव्हा मी सांगणार आहे, माझी म्हणून, आणि बादलीसकट.