माळ्यावरचा थर

पावसात माळ्याला ओल आली म्हणून नेरुळच्या घरातला तो सगळा पसारा उपसावा लागला. सर्वांत वर मास्कचं अर्धं खोकं, म्हणजे २०२०. त्याखाली सीडी, मग कॅसेटी, आणि तळाशी आजीचा पितळी तांब्या.

शिडी धरायला आलेले शेजारचे काका म्हणाले, "तांब्यावरून काही कळायचं नाही. कॅसेट बघ."

काकांची नोकरी समुद्रातल्या तेलविहिरींतून वर येणारा खडकाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. ते शोधायचे फोरॅमिनिफेरा. एकपेशी जीव, वाळूच्या कणाएवढी चुन्याची कवचं. त्यांतले पाण्यात तरंगणारे त्यांचे विशेष लाडके. प्रवाहाबरोबर दूरदूरच्या समुद्रांत पोचायचं, मेल्यावर तळाच्या गाळात साचायचं, आणि कवचाचा घाट सारखा बदलत राहायचा. म्हणून कवच बघून थर केव्हाचा ते कळायचं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले, तेव्हा यांच्यातले मोठे, नक्षीदारही जवळजवळ सगळे गेले. त्यावरच्या थरात उरले बारके, साधे. इटलीत गुब्बिओच्या चुनखडीत हे दिसतं. आपल्या पारसिकच्या काळ्या कातळात त्यांतलं काही मिळायचं नाही, तो पडला लाव्हा. पण त्याच दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये, तिकडे राजमहेंद्रीजवळ, समुद्राचा गाळ सापडला. त्यात हे बारके निघाले, आणि तो गाळ त्या संहारानंतरचा ठरला.

तांब्या मात्र पणजीचाही असाच होता.

एवढ्यात कॅसेटींच्याही खालून एक मास्क निघाला. काका खूश! विहीर खणताना असंच होतं म्हणे. भिंतीची माती ढासळते आणि वरचे जीव खालच्या चुऱ्यात मिसळतात. त्यामुळे एखादी जात कुठे सुरू झाली, हे त्या चुऱ्याला विचारायचं नाही. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा जिथे भेटते, म्हणजे जिथे संपली, तिथे भरवसा ठेवायचा.

सर्वांत वरच्या कॅसेटवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सत्यनारायण, २००३'.

"झालं, तुमच्याकडची कॅसेट २००३ साली नामशेष," काकांनी निकाल दिला.

"अहो, काहीतरीच काय!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "नंतर दोन वर्षं टेप चालू होता. त्या कॅसेटी हिच्या मामानं नेल्या, त्या अजून त्याच्याकडेच आहेत."

काका शिडी धरून हसत राहिले. "नमुना अपुरा पडला," म्हणाले.