दोन समुद्रांमधली जमीन

बेळगावच्या जुन्या घरांत सोप्यापासून परसापर्यंत शहाबादी फरशी असते आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर काळा कडप्पा. दोन्ही दगड प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेल्या गाळाचे; तेव्हा त्यांत एखाद्या सागरी अर्चिनचा, म्हणजे काटेरी कवचाच्या समुद्री प्राण्याचा, ठसा मिळेल, ही आशा गैर नाही, पण ती फळणारी नव्हे. अर्चिन पृथ्वीवर अवतरले सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी आणि हे दगड त्याच्याही कितीतरी आधीचे. गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्मही तसाच पुरातन. उरला आमचा काळा बसाल्ट, आणि लाव्हारसाकडे समुद्राच्या बातम्या कुठून असणार?

अर्चिनकडे मात्र त्या भरपूर असतात. खडकावर वावरणारे अर्चिन गोल, पाच सारख्या भागांच्या रचनेचे. गाळात बीळ करून राहणारे मात्र काहीसे लांबट, पुष्कळदा बदामी आकाराचे. त्यामुळे नुसत्या कवचाच्या घडणीवरून त्या जागी तळ कठीण होता की मऊ, याचा अंदाज बांधता येतो. कवच कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाचे असते आणि ते घडताना समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम त्यात मिसळते. अर्चिन ज्या कंटकचर्मी गटातले, त्या गटाच्या उत्तम टिकलेल्या जीवाश्मांवरूनच क्रिटेशस काळातील (सुमारे साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या) समुद्रात कॅल्शियमच्या मानाने मॅग्नेशियम आजच्यापेक्षा बरेच कमी होते, असे दाखवता आले.

पण मला अधिक मोह पडतो तो हद्दीच्या साक्षीचा. सीमाभागात वाढलेल्या माणसाचे कान या विषयाला टवकारतातच. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये नर्मदाखोऱ्यातल्या बाघ येथील अर्चिनांचे वर्णन केले, तेव्हा त्यांचे नाते अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरील आणि युरोपातील जीवाश्मांशी जुळले. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली परिसरातील क्रिटेशस जीवसृष्टी मात्र बरीच निराळी निघाली. अर्चिनच्या अळ्या कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. पश्चिमेकडून नर्मदाखोऱ्यात शिरलेले पाणी आणि पूर्व किनाऱ्यावरचा समुद्र सहज एकमेकांना मिळत असते, तर इतका वेगळेपणा टिकणे कठीण होते. म्हणून जुन्या भूवैज्ञानिकांनी त्या दोन समुद्रांच्या मध्ये जमिनीचा आडसर मानला. तो आडसर म्हणजे आपले द्वीपकल्प, आणि बेळगाव त्याच्याच पाठीवर. लाव्हारस त्यावर पसरला तो पुढे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.