नकाशावरचा हिरवा रंग

"सॅटेलाइटवर हिरवं दिसतंय ना, मग झाडं जगली!" सोलापुरात आज एका रोपवनाचा नकाशा बघताना कुणीतरी अगदी खुशीत म्हणालं, आणि ते डोक्यातून जाईना.

चित्र ऑक्टोबरचं होतं. पाऊस सरल्यावर आपल्याकडे अख्खा माळच हिरवा असतो, त्यात गवतही आलं आणि तरोट्याचं तणही.

सेंटिनेल-२ या उपग्रहाचं चित्र फुकट मिळतं, पण त्याचा एक चौकोन १० बाय १० मीटरचा. ३ बाय ३ मीटरवर खड्डे घेतले तर त्या एका चौकोनात अकराएक रोपं बसतात. दोन वर्षांचा खैर किंवा हिवर त्यात कुठून दिसणार? जगली किती, हे खड्ड्यापाशी जाऊनच मोजायचं.

मग एप्रिलचं चित्र काढून बघा, म्हणतात. तिथंही गंमत आहे. गवत वाळलेलं, गिरिपुष्पाच्या झाडांची पानं झडलेली, आणि ओढ्याकाठी गडद हिरवा पट्टा. तो बहुतेकदा वेड्या बाभळीचा, म्हणजे कुणी न लावता पसरणाऱ्या काटेरी झाडाचा! ती वर छाटली की बुंध्यातून आणखी जोमानं फुटते. मुळाचा गड्डा खणूनच काढावा लागतो.

आणि नकाशावर 'पडीक' म्हणून पिवळा दिसणारा प्रत्येक तुकडा पडीक नसतो. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याकडचं पवन्या-मारवेलचं गवत उन्हाळ्यात तसंच दिसतं. तिथं खड्डे घेतले तर माळढोकाचा माळच मोडतो.

तुमच्या गावच्या रोपवनाचं एप्रिलमधलं चित्र कुणी पाहिलंय का?