बिडाच्या आत काय असतं

किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात वाढलेल्या पोरांना बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नवं नसतं. आमचे दादा फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारे. बिडाचा तवा आपटला की तडकतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. का तडकतो, ते मात्र सांगलीला इंजिनिअरिंगला आल्यावर मायक्रोस्कोपखाली दिसलं.

नमुना एमरी पेपरवर घासायचा, पेपर बदलला की नव्वद अंशांत फिरवायचा, शेवटी कापडावर पार आरसा करायचा. मग दिसतात ग्रॅफाइटचे, म्हणजे बिडातल्या कार्बनचे, काळे, वाकडे पापुद्रे. भेग त्यांच्याच कडेनं धावते. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घातलं, अगदी 0.04 टक्क्यांच्या आसपास उरलं, तरी तोच ग्रॅफाइट गोल गोळ्यांत गोठतो आणि बीड चिवट होतं. कीथ मिलिस यांनी 1943 मध्ये हे शोधलं. एवढ्याशा चिमटीनं एवढा फरक!

तेव्हाच ठरवलं, मटेरियल सायन्सच करायचं. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर घे. मला नाही पटत. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमटेक करायचंय.

दादांना फोटो दाखवले, तर म्हणाले, "कास्टिंगला ब्लोहोल कशानं पडतात, ते बघ की आता." ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या भागात वायूमुळे राहिलेली पोकळी. वाळूतला ओलावा हे त्याचं एक कारण. बाकीची आम्ही दोघं मिळून वहीत लिहितोय.