आठ कुठे गेला?

डोंबिवलीत १९ वर्षं राहून या स्टेशनाने मला काय दिलं, तर रोजचे धक्के आणि एकदा तुटलेली चप्पल. कापरेकर मास्तरांना मात्र याच स्टेशनाने संख्या दिल्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) काळात इथे गाडी बदलताना त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून नाव 'डेम्लो संख्या'. डोंबिवलीचं डेम्लो!

सगळे अंक एकच असलेल्या संख्येचा वर्ग केला की मिळते ती त्यातली एक जात, आणि तिच्यातली माझी लाडकी सतरा आकडी आहे. नऊ एक घ्या आणि त्यांचा वर्ग करा:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याला हे दाखवायला ऑफिसच्या लॅपटॉपवर तक्ता उघडला, तर शेवटी २१ च्या जागी ००. पंधरा आकड्यांपुढे तो थकतो. एक गुणिले एक शून्यावर संपेल कसं? गेली कित्येक वर्षं मी याच तक्त्यावर लोकांचे पगार काढते, हे तेव्हा आठवलं आणि जरा पोटात गोळा आला.

मग चौकटीची वही काढली. एकाने गुणायचं म्हणजे गुणायचं काहीच नाही. तीच ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहायची. उभ्या रांगा मोजल्या की उजवीकडून एक, दोन, तीन... मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेही हातचा नाही. सगळी गंमत तेवढ्यावरच उभी आहे.

भाच्याने अर्थातच दहा एक घेतले. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१.

"मावशी, आठ कुठे गेला?"

मधल्या रांगेत दहा झाले. शून्य मांडला, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो डावीकडच्या आठात गेला आणि आठाचे झाले नऊ. आठ पळाला नव्हता, त्याला बढती मिळाली होती.

आमच्या सतरा आकडीच्या अंकांची बेरीज ८१. तिलाच ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. तो मधोमध तोडून दोन्ही तुकड्यांची बेरीज केली की परत नऊ नऊ मिळतात. ४५ चंही असंच: वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना तर कापरेकर संख्याच म्हणतात. म्हणजे फिरून मास्तरांच्याच दारात.

भाच्याला यात रस नव्हता. त्याला अकरा एक हवे होते. पानावरच्या चौकटी संपल्या, तेव्हा त्याने शेजारचं पान फाडून डिंकाने जोडलं. मधोमध १२० आलं. डावीकडचा आठ याही खेपेला नव्हता.