ठेवू की उडवू?

मालवणात राहतो आणि गळ्यात कॅमेरा असतो, त्यामुळे हा प्रश्न मला ठरलेला. थंडीत पाहुणे वाढले की जास्तच. व्हॉट्सॲपवर आधी फोटो येतो, मागून ओळ येते : "काका, पंखाचं टोक कापलं गेलंय. ठेवू की उडवू?" कधी पंखाच्या जागी शेपूट असते, कधी डॉल्फिनचं तोंडच फ्रेमबाहेर राहिलेलं असतं. म्हणजे फोटो ठेवायचा की पुसून टाकायचा? एरवी मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. तुम्ही तिबोटी खंड्याचा फोटो पाठवून 'कशावरून ठरवता' असं विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो समोर आला की मी मनातल्या मनात त्याचं एक वाक्य करून बघतो. त्या वाक्याचा कर्ता प्राणी असला पाहिजे आणि वाक्यातली प्रत्येक गोष्ट फ्रेमच्या आत असली पाहिजे. एवढं जमत असेल तर बाकी काय कापलंय त्याची मी फारशी फिकीर करत नाही. वाक्याची सुरुवात 'मी'ने होत असेल, म्हणजे मी पहाटे उठलो, मी कातळावर पोट घासत गेलो, तर तो फोटो पक्ष्याचा नाही, माझ्या कष्टांचा आहे. कष्ट काही फोटोत दिसत नाहीत.

आता काकणाचं घ्या. काकण म्हणजे आपला पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. सुरूच्या नाहीतर आंब्याच्या उंच झाडावर वर्षानुवर्षं एकच घरटं वाढवत नेणारा. तो मासे तर खातोच, पण समुद्रसापही उचलतो. माझ्या एका मित्राकडे त्याचे एकाच झडपेतले दोन फोटो आहेत. पहिल्यात डावा पंख मनगटापासून पुढे गायब, वरच्या कडेला डोकं जवळजवळ चिकटलेलं, खाली उगाच भरमसाट आकाश. पण पायातला साप पुरता दिसतो. पिवळट अंगावर काळे पट्टे, आणि शेवटाला ती दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी शेपटी, जी जमिनीवरच्या सापाला नसते. दुसऱ्यात दोन्ही पंख टोकापर्यंत पसरलेले, उजेड सोन्यासारखा, डोळ्यात चमक. फक्त खालची कड पायांच्या जरा खाली येते आणि सापाचा मधला वेटोळा तेवढा उरतो. तो साप आहे, दोरी आहे, की जाळ्याचा तुकडा, कोणीही काहीही म्हणावं. भिंतीवर लावायला मित्राने दुसरा निवडला आणि सगळ्यांनी वाहवा केली. मला विचाराल तर ठेवण्यासारखा पहिला. त्याचं वाक्य पूर्ण आहे : काकणाने समुद्रसाप उचलला. दुसऱ्याचं वाक्य 'काकणाने काहीतरी उचललं' एवढ्यावर अडतं.

डॉल्फिनचं तर याहून गमतीदार आहे. देवबाग-तारकर्लीकडून, कर्ली नदीच्या मुखाशी सकाळी होड्या निघतात. प्रत्येकाला हवी असते ती उडी : अख्खं जनावर पाण्याबाहेर, मागे क्षितिज. आपल्या किनाऱ्याजवळचा हंपबॅक डॉल्फिन, ज्याला इकडे गादा म्हणतात, असली सर्कस फारशी करत नाही. तो श्वासापुरता वर येतो, पाठ वाकवतो, गेला. हातात उरते पाठीची कमान, त्यावरचं लांबट कुबड, कुबडावर बसलेला छोटा पर (माशाच्या पाठीवर असतो तसा), आणि बाकी पाणी. लोक हा फोटो तिथल्या तिथे उडवतात. आमचा होडीवाला तर दर वेळी चिडवतो, "फोटो काढतलंस काय बघतलंस?"

पण डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्यांना नेमका तोच फोटो लागतो. पराच्या मागच्या कडेला खाचा असतात. काही आपसातल्या मारामारीतल्या, काही जाळ्याच्या, काही इंजिनाच्या पंख्याच्या. त्या खाचांवरून एकेक डॉल्फिन वेगळा ओळखता येतो आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा दिसला हे सांगता येतं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही असं काम झालेलं आहे. त्यासाठी तोंड नको, शेपूट नको. पर कॅमेऱ्याला काटकोनात हवा, कड धारदार हवी आणि डावी बाजू की उजवी हे कळायला हवं. हा डॉल्फिन आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे, तेव्हा त्याच्या एका खाचेचा स्पष्ट फोटो मला दूरवरच्या दहा धूसर उड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. छायाचित्रण स्पर्धेचा परीक्षक हे मान्य करणार नाही. न करो.

कासवांचं तसंच. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. देशाच्या त्या किनाऱ्यावरून या किनाऱ्यावर. ती तीच हे कशावरून कळलं? फ्लिपरवरच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावरच्या, धातूच्या पट्टीवरचा आकडा. अशा वेळी फ्रेममध्ये नुसता फ्लिपर असला आणि आकडा वाचता आला तर कासवाचं बाकी अंग कुठे का असेना. (रात्री अंडी घालणाऱ्या मादीवर फ्लॅश मारून तो आकडा टिपायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण मारणारे पाहिलेत.) वेळास-आंजर्ल्याला पिल्लं सोडताना फोटोत हमखास दोरी येते आणि दोरीपलीकडचे पायही येतात. लोक पाय कापायला जातात आणि सगळी गंमत घालवतात. पिल्लू समुद्राकडे निघालंय आणि गाव दोरीमागे थांबलंय, हेच तर तिथे घडतं. पाय राहू द्यात.

आता थोडं तांत्रिक, पटकन. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर बघून काहीही उडवू नका, तेही उन्हात. घरी मोठ्या पडद्यावर शंभर टक्के मोठा करून बघा. डोळा, किंवा तुमच्या वाक्यातला जो भाग महत्त्वाचा तो, स्पष्ट नसेल तर फ्रेम कितीही नेटकी असली तरी जाऊ द्या. जरासं कापलेलं नेहमी चूक वाटतं, बरंच कापलेलं मुद्दाम केल्यासारखं वाटतं. म्हणून पंखाचं बोटभर टोक गेलं असेल तर रडत बसण्यापेक्षा आणखी आत या आणि चेहरा-छातीचाच फोटो करा. चोवीस मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० ची असते. दोन्ही बाजू निम्म्या केल्यात तरी ३००० बाय २००० उरतात, म्हणजे तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) दहा इंच रुंद प्रिंट आरामात निघते. आडव्या फ्रेमचा हट्टही सोडा. चौकोनात किंवा उभ्यात पुष्कळ फोटो वाचतात.

हल्ली एक नवीन सोय निघाली आहे. सॉफ्टवेअरला सांगायचं, ते कापलेला पंख पुरा करून देतं. दिसतोही बेमालूम. मी करत नाही. शिकारी पक्ष्याच्या पंखटोकाची कुठली पिसं झडलीत आणि कुठली नवी आलीत, यावरून त्याचं वय सांगणारे जाणकार आहेत, आणि यंत्राने लावलेलं पीस त्यांना सरळ खोटं सांगेल. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर स्पर्धेतही कड कापायला मुभा आहे, चित्रात काही घालायला किंवा त्यातून काही पुसायला नाही. कापलेला पंख कापलेलाच बरा.

मग उडवायचं काय? एकाच झडीतले सारखे फोटो. सेकंदाला दहा चित्रं घेणारा कॅमेरा तीन सेकंद दाबून ठेवला की तीस फायली होतात, एकेक पंचवीस-तीस एमबीची. त्यातले दोन ठेवा, बाकी निर्दयपणे काढा. पाठमोरे बगळे, ठिपक्याएवढ्या घारी आणि 'इथे आत्ता खंड्या होता' अशा रिकाम्या फांद्याही काढा. मात्र पक्षी तुमच्या भागात क्वचित दिसणारा असेल तर ठिपकाही ठेवा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदीच्या पुराव्याला वाईट फोटो चालतो, फोटो नसण्यापेक्षा केव्हाही बरा. आणि 'मी'ने सुरू होणारे थोडे फोटो मीही राखून आहे. ते वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि कोणाला दाखवत नाही.

राहिला तुम्ही पाठवलेला तिबोटी खंड्या. चोच उजव्या कडेला टेकली आहे, समोर श्वास घ्यायला जागा नाही, अर्ध्या पोटावर पान आलंय. तुम्हाला खुपतंय ते बरोबर आहे. पण चोचीत सापसुरळी आहे आणि तिचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे, ते पाहिलंत का? स्वतः गिळायची असती तर खंड्याने ती डोक्याकडून आत धरली असती. डोकं बाहेर म्हणजे ती दुसऱ्या कोणाला भरवायची आहे, आणि पावसाळ्याच्या या दिवसांत तो दुसरा कोणी बहुधा मातीच्या दरडीतल्या बिळात बसलेलं पिल्लू असणार. वाक्य झालं की नाही? तेव्हा ठेवाच. डावीकडची रिकामी हिरवळ कापून उभा करा, मूळ फाइल तशीच राहू द्या आणि तारीख लिहून ठेवा. कोणाला पाठवण्याआधी फाइलमधलं ठिकाण काढून टाका, आणि पिल्लं उडेपर्यंत त्या दरडीकडे पुन्हा फिरकू नका. गावाचं नाव मलाही कळवू नका.