तीन दिवस, सात रिस्टार्ट आणि एक मुंज

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आईला भाच्याच्या मुंजीला जाता आलं नाही. मोबाइलवर तिला चेहरेच ओळखू येईनात, म्हणून म्हटलं, व्हिडिओ टीव्हीवर लावून देते, दोन मिनिटांचं काम. तीन दिवस लागले.

फोटोंच्या ॲपमध्ये कास्टचं, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर लावायचं, चिन्ह दाबलं की खाली टीव्हीचं नाव यायला हवं. ते येईचना. आणि टीव्हीवर यूट्यूब मात्र झकास चालू! म्हणजे नेट आहे, टीव्ही धडधाकट आहे, फोनही नवा. मग घोडं अडलंय कुठे?

इंटरनेटवाल्यांना फोन केला. "मॅडम, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." केला. दर फोनला नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण, पुन्हा राउटर बंद. सात वेळा. एकाने तर टीव्ही फॅक्टरी रिसेट करायला लावला. तो करू नका! सगळी लॉगिनं उडाली आणि अख्खी संध्याकाळ रिमोटने एकेक अक्षर टिपत पासवर्ड भरण्यात गेली. तरी टीव्हीचं नाव नाहीच.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन मिररिंग करून पाहिलं. ते मिराकास्ट नावाच्या सोयीने होतं. तिला राउटर लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात. चित्र आलं, पण अडखळत. शिवाय फोनची अख्खी स्क्रीन दिसते. ऐन मुंजीत वहिनीचा 'सासूबाईंना सांगू नका' असा मेसेज टीव्हीवर झळकला. मिररिंग करताना नोटिफिकेशन बंद ठेवा, एवढंच सांगते.

तिसऱ्या रात्री सहज टीव्हीची नेटवर्क सेटिंग उघडली. वाय-फायच्या नावाला शेवटी 'गेस्ट' लावलेलं! राउटर बसवणाऱ्या मुलाने दोन नावं करून टीव्ही गेस्टवर जोडून दिला होता. गेस्ट म्हणजे ओटीवरचा पाहुणा. त्याला पाणी मिळतं, माजघरात प्रवेश नाही. टीव्हीला इंटरनेट मिळत होतं, पण घरच्या नेटवर्कवरचा माझा फोन त्याला दिसत नव्हता. कास्ट करताना फोन बहुतेकदा नुसता निरोप्या असतो, व्हिडिओ टीव्हीच नेटवरून ओढून घेतो. पण निरोप पोचवायला दोघांची गाठ तर पडायला हवी! सात फोनांत एकानेही विचारलं नाही, "टीव्ही कोणत्या वाय-फायवर आहे?"

टीव्ही घरच्या नावावर घेतला, पासवर्ड टाकला, नाव लगेच आलं.

हो, फोनवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं) चालू असेल तर तेही आधी बंद करा, त्यानेही टीव्ही दिसेनासा होतो. आणि यूट्यूबवरचंच काही लावायचं असेल, तर टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये 'टीव्ही कोडने जोडा' असतं. तो कोड फोनमध्ये टाकला की झालं, एकच वाय-फाय लागत नाही. हे मला आधी कळलं असतं, तर व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, चढवून मोकळी झाले असते.

आईने मुंज सलग पाहिली. मध्ये एकदाच बोलली, "अगं, भटजींनी एक मंगलाष्टक गाळलं बघ."